साहेबांच्या नावावर

साताऱ्याच्या तत्कालीन जिल्हा व सत्र न्यायाधीशांविरुद्ध लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये गुन्हा नोंदवला, तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. फसवणुकीच्या प्रकरणात कोठडीत असलेल्या वडिलांना जामीन मिळावा म्हणून एक तरुणी न्यायालयात आली होती आणि तिच्याकडे मध्यस्थांमार्फत ५ लाख रुपये मागण्यात आले, अशी तिची तक्रार होती. पुढे उच्च न्यायालयाने त्या न्यायाधीशांचा अटकपूर्व जामीन नाकारला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शिस्तभंगाच्या चौकशीनंतर त्यांना सेवेतून बडतर्फ केले. बडतर्फी आणि फौजदारी दोषसिद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी केवळ खटला चालवणारे न्यायालयच ठरवू शकते, त्यामुळे त्यांना गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि व्यासपीठावरून बोलणाऱ्या कोणत्याही पुढाऱ्यालाही नाही.

कोल्हापूरकरांना हे प्रकरण दूरचे मानता येणार नाही. वकिलांच्या आणि पक्षकारांच्या चार दशकांहून अधिक काळच्या लढ्यानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे लोक आता दाद मागायला येथे येतात. न्याय जवळ यावा म्हणून आपण इतकी वर्षे भांडलो. तो स्वच्छही असावा, हा त्याच मागणीचा उरलेला अर्धा भाग आहे.

न्यायाधीशावर गुन्हा दाखल झाला की ज्या प्रतिक्रिया उमटतात, त्यांतील पहिली नेहमी एकच असते: ‘सरकारने त्यांना तत्काळ निलंबित करावे.’ निवेदने दिली जातात, चौकात घोषणा होतात, सत्तेत कोण आहे त्यानुसार एक पक्ष गृहखात्याला जबाबदार धरतो आणि दुसरा त्याचा बचाव करतो. परंतु राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार जिल्हा न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे. न्यायाधीशाची बदली, निलंबन आणि शिस्तभंगाची चौकशी या गोष्टी मंत्रालयातून होत नाहीत, आणि त्या तेथून होत नाहीत म्हणूनच एखादा सत्र न्यायाधीश मंत्र्याच्या नातेवाइकाचा जामीन निर्भयपणे नाकारू शकतो. जो आमदार आज ‘सरकारने कारवाई करावी’ म्हणतो, त्याला उद्या प्रतिकूल निकाल देणाऱ्या न्यायाधीशावरही अशीच कारवाई हवी असेल, ही भीती मला खरोखर वाटते.

ही भीती निराधार नाही. १९८९ मध्ये गुजरातमधील नडियादच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना पोलिसांनी मारहाण केली, बेड्या घातल्या आणि दोरीने बांधून रुग्णालयात नेले. समन्स बजावण्यात पोलीस कुचराई करतात, अशी तक्रार त्यांनी वरिष्ठांकडे केली होती, हे त्यामागचे मूळ होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये त्या पोलीस अधिकाऱ्यांना अवमानाबद्दल दोषी ठरवले आणि न्यायिक अधिकाऱ्याला अटक करायची झाल्यास जिल्हा न्यायाधीशांना किंवा उच्च न्यायालयाला कळवूनच करावी, असे बंधन घातले. ‘न्यायाधीशाला वेगळा कायदा का?’ असे विचारणाऱ्यांनी नडियादचे ते प्रकरण जरूर वाचावे. हे संरक्षण लाच घेण्यासाठी नाही. सातारच्या प्रकरणात गुन्हा दाखल झालाच, हेच त्याचे उत्तर आहे.

दुसऱ्या टोकाच्या प्रतिक्रियेचाही मला तितकाच त्रास होतो. ‘न्यायव्यवस्थेची बदनामी करू नका,’ असे सांगून विषय मिटवू पाहणारे लोक त्या तक्रारदार तरुणीचा विचार करत नाहीत. वडील कोठडीत, निर्णय ज्यांच्या हातात त्यांच्याच नावाने मागणी, आणि तरीही ती तक्रार करायला गेली. गावोगावी आपण एकमेकांना ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे सांगत आलो आहोत. तिने पायरी चढूनही मान खाली घातली नाही. न्यायालयाची प्रतिष्ठा कोणी राखली असेल, तर तिने राखली.

येथे मला आमच्या घरातली गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या शेतजमिनीच्या वाटपाचा दावा एका तालुका न्यायालयात अनेक वर्षे चालला होता. निकालाच्या आधी एक गृहस्थ घरी आले आणि ‘साहेबांपर्यंत पोहोचवतो’ असे वडिलांना म्हणाले. वडिलांनी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावले. दावा आमच्या विरुद्ध गेला. त्यानंतर कित्येक वर्षे आमच्या घरात ते न्यायाधीश विकले गेले होते, हे जणू सिद्ध झालेले सत्य होते. चुलत्यांशी बोलणे तुटले तेही त्याच समजुतीवर. अपिलासाठी काढलेली निकालपत्राची नक्कल मी फार उशिरा, शांतपणे बसून वाचली. जुन्या वाटणीपत्राच्या नोंदीचा आधार घेऊन दिलेली कारणे इतकी स्पष्ट होती की कोणताही प्रामाणिक माणूस त्याच निष्कर्षाला आला असता. नंतर कळले की तेच गृहस्थ चुलत्यांकडेही गेले होते. असे लोक दोन्हीकडून पैसे घेतात, हरणाऱ्याचे परत करतात आणि जिंकणाऱ्याचे ठेवतात. साहेबांना त्यातले काहीही ठाऊक नसते.

म्हणून मला असे ठामपणे वाटते की न्यायाधीशावरील आरोपात सर्वांत आधी शोधायचे ते मध्यस्थाचे जाळे. मागणी साहेबांची होती की साहेबांच्या नावावर दुसऱ्याची, हे पुराव्यानेच ठरते, आणि ते ठरायला किती वेळ लागतो यावर न्यायाधीश आणि तक्रारदार या दोघांचेही आयुष्य अवलंबून असते. २००८ मध्ये चंदीगडला उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींच्या घरी १५ लाख रुपयांचे पाकीट चुकून पोहोचले आणि ते दुसऱ्या न्यायमूर्ती निर्मल यादव यांच्यासाठी होते, असा आरोप झाला. सीबीआय न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्यांना निर्दोष ठरवले. दरम्यान सोळा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्या निर्दोष असतील तर हा अन्याय त्यांच्यावर झाला, आणि तपासात उणीव राहिली असेल तर तो आपल्या सर्वांवर झाला.

राजकीय पक्ष या बाबतीत तत्त्वाने वागतात, यावर माझा विश्वास उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव मे १९९३ मध्ये लोकसभेत मतदानाला आला, तेव्हा १९६ सदस्यांनी बाजूने मत दिले, विरोधात एकही मत पडले नाही, आणि तरीही आवश्यक बहुमताअभावी प्रस्ताव पडला, कारण काँग्रेस व तिच्या मित्रपक्षांचे सदस्य तटस्थ राहिले. न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या दिल्लीतील निवासस्थानी मार्च २०२५ मध्ये आगीनंतर रोकड आढळल्याच्या प्रकरणात मात्र जुलैमध्ये सत्ताधारी आणि विरोधी मिळून १४५ खासदारांनी प्रस्तावावर सह्या केल्या. ही एकजूट मला स्वागतार्ह वाटते, पण त्याच प्रकरणाचे निमित्त करून न्यायाधीशांच्या नेमणुकीत सरकारचा हात वाढवण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा हेतूविषयी शंका आल्याशिवाय राहिली नाही.

वकील संघटनांनाही एक विनंती आहे. आरोपी न्यायाधीशाचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असा ठराव भावनेच्या भरात होऊ शकतो, आणि असे ठराव बेकायदेशीर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे.

आपल्या जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी खरोखर काही करायचे असेल, तर त्यांच्या अधिकारातली कामे थोडी नाहीत. जामिनासाठी एखादे कुटुंब ५ लाखांची मागणी ऐकून घेण्याच्या अवस्थेला का येते, तर अर्जाची सुनावणी केव्हा होईल याची त्याला खात्री नसते आणि या अनिश्चिततेवरच मध्यस्थ जगतो. जिल्हा न्यायालयांना पुरेसे कर्मचारी आणि न्यायदालने मिळावीत, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या खटल्यांसाठी सरकारी वकील वेळेवर नेमले जावेत, तक्रारदाराला साक्ष होईपर्यंत संरक्षण असावे, यांसाठी तरतूद विधानसभेतच मंजूर व्हायची असते. सातारच्या त्या तरुणीचे पुढे काय झाले, तिची साक्ष झाली का, तिला कोणी धमकावले का, हा प्रश्न नागपूरच्या अधिवेशनात आपल्या सहा जिल्ह्यांतील एखाद्या आमदाराने विचारावा. तो कोणत्या पक्षाचा आहे, हे मी पाहणार नाही.