‘ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस जोडा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला सर्व्हरवर नको

डेबियन 12 किंवा नवा उबुंटू (दोन्ही लिनक्सचे प्रकार) असलेल्या सर्व्हरवर ‘सुडो पिप इन्स्टॉल’ (पायथनची पॅकेजं सगळ्या सिस्टमसाठी टाकणारी कमांड) चालवलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ ही एरर येते. त्यावर टेलिग्राम ग्रुपांपासून यूट्यूबपर्यंत एकच उतारा फिरतोय: कमांडच्या शेवटी ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ जोडा. म्हणे, नाव भीतिदायक आहे, पण होत काही नाही. नाहीतरी एपीटीची (सिस्टमच्या पॅकेज-मॅनेजरची) पॅकेजं जुनाट असतात, आणि व्हेन्व्ह (ॲपच्या पायथन पॅकेजांसाठीचा वेगळा फोल्डर) म्हणजे फुकटची कटकट, असंही सांगतात. एरर खरंच जाते, त्यामुळे नवख्यांना हे पटतं. म्हणूनच एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘होत काही नाही.’ होतं, पण लगेच दिसत नाही. एपीटीची पायथन पॅकेजं ‘/यूएसआर/लिब’खाली जातात, सुडो पिपची ‘/यूएसआर/लोकल/लिब’खाली. इम्पोर्ट करताना पायथन लोकल आधी बघतो. म्हणजे एपीटीच्या फाइली जागच्या जागी असूनही झाकल्या जातात, आणि त्याही फक्त तुमच्या ॲपपुरत्या नाहीत. साइटचं एचटीटीपीएस प्रमाणपत्र आणणारा सर्टबॉट, हल्लेखोरांचे आयपी अडवणारा फेल2बॅन, आपोआप अपडेट टाकणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स ही सगळी त्याच पायथनवर चालतात.

समजा, ॲपसाठी पिपने ‘क्रिप्टोग्राफी’ या पायथन लायब्ररीची नवी आवृत्ती आणली. तिच्यावर अवलंबून असलेलं आणि सर्टबॉट वापरतो ते एपीटीचं ‘पायओपनएसएसएल’ मात्र जुनंच राहिलं. ते नव्या क्रिप्टोग्राफीत असं नाव शोधतं, जे तिथून केव्हाच काढून टाकलंय. मग ‘हॅज नो ॲट्रिब्यूट’ म्हणत सर्टबॉट सुरू होतानाच कोसळतो. साइट मात्र चालूच असते! लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं प्रमाणपत्र 90 दिवसांचं, आणि डेबियन 12 मधला सर्टबॉट ते शेवटच्या 30 दिवसांत नवं करतो. त्यामुळे बिघाड आज झाला तरी ब्राउझरमध्ये लाल पाटी झळकायला महिना-दोन महिनेही लागतात. पूर्वी मुदत संपत आली की ईमेल यायचा, तोही लेट्स एन्क्रिप्टने जून 2025 मध्ये बंद केला. एवढ्या काळानंतर त्या पिप कमांडची आठवण कोणाला असणार?

‘एपीटीची पॅकेजं जुनाट, म्हणून असुरक्षित.’ आवृत्तीचा आकडा थांबलेला असतो, दुरुस्त्या थांबलेल्या नसतात. डेबियनची सुरक्षा टीम नव्या आवृत्तीतली दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवते. आकड्यामागचं ‘+डेब12यू1’ हे शेपूट त्याचंच. उलट पिपने टाकलेलं पॅकेज एपीटीला माहीतच नसतं. ‘एपीटी अपग्रेड’ कितीही वेळा चालवा, ते जिथल्या तिथे राहतं. जँगोची (वेब ॲप बनवायच्या पायथन फ्रेमवर्कची) ताजी आवृत्ती हवी असेल तर एपीटी कामाचं नाही, हे मात्र खरं. व्हेन्व्ह त्यासाठीच आहे.

‘व्हेन्व्ह कटकटीचं.’ ‘एपीटी इन्स्टॉल पायथन3-व्हेन्व्ह’, मग ‘पायथन3 -एम व्हेन्व्ह /ऑप्ट/ॲप/व्हेन्व्ह’. झालं. दर वेळी ॲक्टिव्हेट करायचीही गरज नाही: सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये किंवा ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनमध्ये त्या फोल्डरमधल्या पायथनचा पूर्ण पाथ द्या. तो पायथन म्हणजे सिस्टमच्या पायथनकडे जाणारी लिंक असते, त्यामुळे ‘व्हेन्व्ह डिस्क खातं’ ही ओरडही फोल आहे. वायटी-डीएलपीसारखं (व्हिडिओ उतरवणारं) सुटं टूल हवं असेल तर प्रत्येक टूलला आपोआप वेगळं व्हेन्व्ह देणारं पिपएक्स वापरा.

‘डॉकरमध्ये तर सगळे असंच करतात.’ डॉकरमध्ये (जिथे ॲप स्वतंत्र कंटेनरमध्ये चालतं) चालेल. इमेज बिघडली तर पुन्हा बांधता येते, आणि त्यात सहसा सर्टबॉट नसतो. चालत्या सर्व्हरचं तसं नाही.

ज्यांनी आधीच ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ हा फ्लॅग लावलाय त्यांनी डेबियन 12 वर ‘पिप लिस्ट --पाथ’ला ‘/यूएसआर/लोकल/लिब/पायथन3.11/डिस्ट-पॅकेजेस’ हा पाथ देऊन यादी काढावी. ॲप व्हेन्व्हमध्ये हलवा, मग ती पॅकेजं ‘सुडो पिप अनइन्स्टॉल’ने एकेक काढा. झाकलेली एपीटीची आवृत्ती आपोआप वर येते. काढतानाही पिप तीच एरर देईल. तिथे हा फ्लॅग खुशाल लावा. शेवटी ‘सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन’ (खरं प्रमाणपत्र न बदलता होणारी चाचणी) चालवून खात्री करून घ्या.