शून्य डॉलरचा हिशोब

मार्च संपत आला की आमच्या स्टाफरूममध्ये दोन गट पडतात, एक बाकी सगळ्या जगाचा आणि एक आम्हा अमेरिकनांचा. बँकॉकमधली इंटरनॅशनल शाळा आहे, त्यामुळे ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, आयरिश, फिलिपिनो सगळे आहेत आणि ते सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या, सुट्टीत कुठल्या बेटावर जायचं यावर तावातावाने बोलत असतात, आम्ही कोपऱ्यात बसून हळूच विचारतो, एफबार झालं का तुझं? एफबार म्हणजे टॅक्स रिटर्नखेरीज अमेरिकन सरकारला द्यायची परदेशातल्या बँक खात्यांची यादी.

मी अमेरिकन कशी हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक शेवटपर्यंत तेच विचारत बसतात. बाबा न्यू जर्सीत नोकरीला होते, जन्म एडिसनचा, मग पुण्यात परत आलो, शाळा-कॉलेज सगळं पुणं, मास्टर्स आणि पहिली नोकरी पुन्हा तिकडे, आणि आता इथे नववी-दहावीला गणित. पासपोर्ट मात्र गरुडवाला.

जगाचा साधा नियम असा की जिथे राहता, जिथे कमावता तिथे टॅक्स भरा. अमेरिकेचं म्हणणं, तुम्ही चंद्रावर जाऊन शिकवण्या घ्या, रिटर्न आमच्याकडे भरा. नुसत्या नागरिकत्वावर असं मागे लागणारे देश दोनच, अमेरिका आणि आफ्रिकेतला इरिट्रिया. आणि हे आजचं नाही बरं का, १८६१ साली यादवी युद्धाच्या खर्चासाठी पहिला इन्कम टॅक्स आणला तेव्हाच घरच्यांना ३ टक्के आणि परदेशी जाऊन राहिलेल्यांच्या अमेरिकेतल्या मिळकतीवर ५ टक्के असं कायद्यात लिहून ठेवलं होतं. म्हणजे राग जुना आहे. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सनला सोडलं नाही तिथे मी कोण? त्याचा जन्म न्यूयॉर्कचा, लंडनमधलं घर विकलं तर अमेरिकेने त्यावर टॅक्स मागितला, २०१४ मध्ये ठणकावून म्हणाला भरणार नाही, मग मुकाट भरला आणि पुढे २०१६ मध्ये नागरिकत्वच सोडून मोकळा झाला.

गंमत म्हणजे मला भरायचं काहीच नसतं. २०२४ सालासाठी परदेशातला १ लाख २६ हजार ५०० डॉलरपर्यंतचा पगार वगळता येत होता आणि मास्तरणीचा पगार त्या आकड्याच्या आसपासही फिरकत नाही. पण शून्य आहे हे सिद्ध करायला जेवढे कागद लागतात तेवढे बहुतेक कोट्यधीशालाही लागत नसतील. त्यातली एक अट म्हणजे सलग १२ महिन्यांत ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर. पूर्ण म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र. आता शाळेला उन्हाळ्याची सुट्टी चांगली दोन महिन्यांची, ताई एडिसनला, ती म्हणते राहा गं अजून आठवडाभर, आणि मी कॅलेंडर काढून मोजायला बसते, तिला वाटतं भाच्यांचा कंटाळा आला. दुसरा एक मार्ग आहे, आपण इथले पक्के रहिवासी आहोत असं दाखवायचा, पण त्यातले प्रश्न वाचले की स्थळ बघायला आलेल्या मंडळींची आठवण होते.

बरं, सोंगक्रान १३ ते १५ एप्रिल आणि अमेरिकेची टॅक्सची तारीख १५ एप्रिल. आम्हा बाहेरच्यांना रिटर्नसाठी जूनपर्यंत आणि एफबारला ऑक्टोबरपर्यंत आपोआप मुदत मिळते, हे मला पाठ आहे, तरी पोटात गोळा १५ एप्रिललाच येतो. अख्खं शहर एकमेकांवर पाणी उडवतंय, बँका बंद, मी बँकेचं स्टेटमेंट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गल्लीतून चाललेय आणि कोपऱ्यावरची एक आजी अत्यंत प्रेमाने माझ्या खांद्यावर बर्फाचं पाणी ओतते. त्या स्टेटमेंटवर साल २५६७. थायलंडमध्ये बौद्ध सन चालतो, ५४३ वजा करायचे. गणिताच्या बाईंना तेवढं जमतं, पण अमेरिकन सॉफ्टवेअरमध्ये चुकून २५६७ पडलं तर ते काय समजेल या विचाराने झोप जाते.

एफबारचा नियम असा, परदेशातल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात एक दिवस जरी १० हजार डॉलरच्या वर रक्कम गेली तरी प्रत्येक खात्याची यादी द्यायची, त्यात वर्षातली सर्वात जास्त शिल्लक किती तेही. प्रत्येक खात्याची म्हणजे आईच्याही. कारण बाबा गेल्यावर पुण्यातल्या बँकेत माझं नाव तिच्या खात्याला जोडलं, वेळेला असावं म्हणून. मग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल, आई पासबुक कॅमेऱ्याला चिकटवून धरते, त्यात छपाईच्या मशीनने दोन ओळी एकावर एक छापलेल्या.

"आई, सगळ्यात मोठा आकडा सांग फक्त."

"कशाला? तुझ्या सरकारला माझ्या एफडीशी काय करायचंय? मी कधी त्यांची विचारलीये का?"

मुद्द्याला धरून होतं, उत्तर नव्हतं. त्यात गेल्या वर्षी सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली, बिल्डरने भाड्याचे पैसे एकरकमी टाकले, आणि नेमकी तीच वर्षातली सर्वात जास्त शिल्लक. "ते पैसे माझे नाहीतच, बिल्डरचे आहेत, ते नाही सांगायचे," असं म्हणून तिने पासबुक मिटलं. मी तिला रोमानियात राहिलेल्या बिटनर नावाच्या अमेरिकन नागरिकाची गोष्ट सांगितली, त्याने २७२ खात्यांची नोंद वेळेत दिली नाही म्हणून सरकारने २७ लाख डॉलर दंड मागितला, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दंड खात्यागणिक नाही, रिपोर्टागणिक, तेव्हा कुठे तो ५० हजारांवर आला. आई म्हणाली, "२७२ खाती? त्याच्या आईचं काय झालं असेल?"

मामाने तर एसआयपी सुरू करून देतो म्हणून फॉर्म सह्यांसाठी तयारच ठेवले होते. त्याला सांगितलं, मामा, भारतातला म्युच्युअल फंड म्हणजे अमेरिकेच्या दृष्टीने विषारी प्रकार, प्रत्येक फंडासाठी दरवर्षी वेगळा फॉर्म. त्याने तीन महिने माझ्याशी धड बोलणं सोडलं, त्याचं मत असं की मुलगी परदेशात जाऊन कंजूष झाली.

मग मी म्हटलं, आई, खात्यावरून माझं नावच काढून टाकू. बँकेत विचारलं तर दोन्ही खातेदार समक्ष हवेत, सोबत नव्याने केवायसी, आणि त्या केवायसीत एक रकाना, तुम्ही अमेरिकन नागरिक आहात का? आता आईनेच विरोध केलाय. कट्ट्यावर तिने सांगून ठेवलंय की वर्षातून एकदा तिचं पासबुक वॉशिंग्टनला जातं, आणि तेव्हापासून सोसायटीचे चेअरमन तिच्याशी जरा जपून बोलतात.