पोहल्यानंतरच्या खाजेची शरीराला ‘सवय’ होते का?

गंगापूर धरणाच्या फुगवट्यात किंवा गोदावरीच्या एखाद्या डोहात पोहून आल्यावर अंगावर उठणाऱ्या खाजऱ्या पुरळाविषयी नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पाण्यातले जंत कातडीतून रक्तात शिरून तिथे अंडी घालतात, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यालाच खाज येते, चार-पाच वेळा ती सोसली की शरीराला सवय होते, तोवर जंतांची गोळी घ्यावी आणि पुरळ आलेल्याचा टॉवेल वापरू नये. यात खरे आहे ते एवढेच, की जंत कातडीत शिरतात.

आधी सवयीचा मुद्दा घेऊ, कारण तो मानूनच लोक पुन्हा त्याच पाण्यात उतरतात. हे जंत म्हणजे पक्ष्यांच्या किंवा गुरांच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या चपट्या कृमींच्या अळ्या. पाणगोगलगायीच्या शरीरात वाढून त्या पाण्यात बाहेर पडतात आणि बदक किंवा म्हैस यांच्याऐवजी चुकून माणसाला चिकटल्या, तर शेपूट गाळून, कातडीतील प्रथिने विरघळवणारा स्राव सोडत काही मिनिटांत आत शिरतात. शरीराला त्यांची ओळख नसल्याने पहिल्या वेळी पुष्कळांना किंचित चुरचुरते, बारीक लाल ठिपके येतात किंवा काहीच जाणवत नाही. मात्र याच भेटीत त्यांच्याविरुद्ध आयजीई प्रकारची प्रतिपिंडे, म्हणजे अ‍ॅलर्जीत भाग घेणारी संरक्षक प्रथिने, तयार होतात आणि कातडीतील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी अळी आत येताच या पेशी हिस्टामिन हे खाज आणणारे रसायन सोडतात, म्हणून खाज लगेच सुटते. त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत इओसिनोफिल, टी-पेशी आणि मॅक्रोफेज या संरक्षक पेशी अळीभोवती गोळा होतात, तेव्हा पुरळ टणक होऊन फुगते. म्हणजे प्रत्येक पुढची खाज बहुधा आधीपेक्षा लवकर येते, अधिक तीव्र असते आणि आठवडा-दोन आठवडे छळते.

प्रतिकारशक्तीच्या कमतरतेचा मुद्दा इथेच निकालात निघतो. एकाच डोहात उतरलेल्या दोघा भावांपैकी गेल्या वर्षी पोहलेला खाजवत बसतो आणि नवखा मजेत असतो, यात अशक्त कोणीच नाही. पहिल्याच्या शरीराला शत्रू आठवतो, इतकेच. अर्थात जास्त खाज म्हणजे जास्त ताकद, असा उलटा निष्कर्षही काढू नये, कारण ही अ‍ॅलर्जीच आहे.

रक्तात अंडी घालण्याचा दावा दोन वेगळ्या आजारांच्या सरमिसळीतून आला असावा. माणसात प्रौढ होऊन अंडी घालणाऱ्या शिस्टोसोमा या चपट्या रक्तकृमींच्या जाती निराळ्या आहेत. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात तशी लागण आढळल्याची नोंद गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये केली होती. पक्ष्यांच्या कृमींच्या अळ्या प्रयोगातील उंदरांच्या फुप्फुसांपर्यंत गेलेल्या दिसल्या आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण माणसात त्या प्रौढ होत नाहीत, त्यांचा शेवट बहुधा कातडीतच होतो. गुरांच्या नाकातील रक्तवाहिन्यांत राहून त्यांना घोरायला लावणाऱ्या शिस्टोसोमा नेझेलचेही माणसात हेच होते. त्यामुळे जिथे म्हशी डुंबतात किंवा बदके उतरतात आणि काठच्या पाणवेलींना गोगलगायी चिकटलेल्या असतात, तिथले उथळ पाणी टाळणे शहाणपणाचे.

टॉवेलमधून हा आजार पसरत नाही, कारण अळी गोगलगायीतून येते, माणसातून नव्हे. उलट पाण्याबाहेर येताच अंग खसाखसा पुसल्याने काही अळ्या आत शिरण्याआधीच निघून जाऊ शकतात.

राहिली गोळी. शाळांत वाटली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी आतड्यातील जंतांसाठी आहे. कातडीत मरून पडलेल्या अळीवर ती काय करणार? इथे त्रास देते ती शरीराची प्रतिक्रिया, म्हणून उपचारही तिच्यावरच असतात: थंड पाण्याच्या पट्ट्या, खाज कमी करणारे अँटिहिस्टामिन आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले सौम्य स्टिरॉइड मलम. खाजवून पुरळ फुटले, त्यात पू झाला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना दाखवावे आणि कोणत्या पाण्यात पोहलो होतो, तेही सांगावे.