चहाच्या १४ पायऱ्या

गॅस पेटवा, हे लिहायचंच राहिलं. १४ पायऱ्यांत मी चहा उकळला, गाळला, कपात ओतला, ‘कप गरम असतो, त्याच्या कानाला धरा’ अशी चौकटीतली सूचनाही टाकली. आणि हे सगळं थंडगार शेगडीवर. मुलाखत घेणाऱ्या चौघांपैकी तिघांना त्याचा पत्ताच लागला नाही. चौथ्या एक बाई होत्या. त्यांचं पुढे येतंच.

नोकरी टेक्निकल रायटरची होती. कंपनी सॉफ्टवेअर बनवते, ते वापरायचं कसं हे या माणसानं लिहायचं. मी १८ वर्षं एका दैनिकात उपसंपादक. दैनिकानं आवृत्त्या आटोपत्या घेतल्या, त्यात आम्हीही आटोपलो. मग एका जुन्या मित्रानं सांगितलं, “अरे, आयटीत लिहिणाऱ्याला पैसे देतात.” आमच्या धंद्यात हे वाक्य इतकं नवं, की मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं.

आईला मात्र शंका. “लिहायचं काय असतं?”

“मिक्सरबरोबर पुस्तिका येते ना, तसलं.”

“ती कोण वाचतं?”

मी गप्प बसलो. आमच्या मिक्सरची पुस्तिका ट्रॉलीच्या तळाशी अजून पिशवीत सीलबंद आहे, न भरलेल्या वॉरंटी कार्डासकट.

पहिला फोन एचआरचा. “हाय सतीश!” मला नुसतं सतीश म्हणणारे आता दोघंच उरलेत, आई आणि क्रेडिट कार्ड विकणारे. “करंट सीटीसी?” म्हणजे वर्षाचा एकूण पगार. मी होता तो आकडा सांगितला. पलीकडे जरा शांतता. “आणि व्हेरिएबल?” म्हणजे कामगिरीवर मिळणारा बोनस. म्हटलं, “ते दिवाळीला. सोनपापडीचा बॉक्स.” “नोटीस पीरियड?” “तो त्यांनीच दिला.” “ओह, म्हणजे इमिजिएट जॉइनर! ग्रेट!” नोकरी गेल्याबद्दल माझं अभिनंदन करणारी ती पहिलीच.

मग ‘छोटीशी असाइनमेंट, दोनच तासांची’. शनिवार-रविवार गेला. त्याबद्दल अधिक बोलत नाही.

अभ्यासही जोरात केला. विमानदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी सोप्या इंग्रजीची एक नियमावली आहे, एएसडी-एसटीई १०० नावाची. कृती सांगणारं वाक्य २० शब्दांच्या आत संपवायचं आणि शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ ठेवायचा. कारण विमानाच्या चाकाशी उकिडवा बसलेला मेकॅनिक कुठल्याही मुलखातला असू शकतो. त्याला आपल्या शैलीशी देणंघेणं नसतं. मी माझ्या जुन्या कात्रणांतली एक बातमी काढली आणि पहिलं वाक्य मोजलं. ४७ शब्द, आणि शेवटी ‘असल्याचे समजते’. तोवर विमान उडून गेलं असतं. मग डिटा नावाचा प्रकार वाचला. आयबीएममध्ये जन्मला, २००५ साली प्रमाण मानला गेला. त्यात सगळा मजकूर संकल्पना, कृती आणि संदर्भ अशा सुट्या तुकड्यांत लिहितात. दोन दिवस मी घरात तसंच बोलत होतो. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, “संकल्पना कळली. आता कृती. भांडी लाव.”

प्रत्यक्ष मुलाखत हिंजवडीत, फेज दोनला. कोथरूडहून दोन तास आधी निघालो. गावाचं नाव हिंजवडी; पाट्यांवर हिंजेवाडी, हिंजवाडी, आणि इंग्रजीत ज्याची त्याची मर्जी. भूमकर चौकात इतका वेळ मिळाला, की मी गाडीत बसल्या बसल्या सगळ्या पाट्यांचं मुद्रितशोधन उरकलं.

फाटकाशी पाहुण्यांसाठी एक उभं यंत्र होतं. पडद्यावर इंग्रजीत लिहिलेलं, ‘तुमचा प्रवास सुरू करण्यासाठी स्पर्श करा’. केला. प्रवास सुरू झाला नाही. पुन्हा केला. तेवढ्यात वॉचमनकाका उठून आले. “मशीन बंद आहे, सर. इथं सही करा, लॅपटॉपचा नंबर लिहा, आत जावा.” १२ शब्द. मी मोजले.

काचेच्या खोलीत तीन तरुण आणि त्या बाई. इंग्रजीत चहाची कृती लिहा, वीस मिनिटं. या मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो म्हणतात. कुणाला बुटाची नाडी बांधायला लावतात, कुणाला कागदाचं विमान. मला चहा आला याचा आनंदच झाला. पण १८ वर्षांची सवय. इंग्रजीतसुद्धा माझं पाणी ‘उकळण्यात येत’ होतं, साखर ‘टाकण्यात येत’ होती. कोण टाकतंय ते सूत्रांनाच ठाऊक. सगळं खोडून पुन्हा लिहिलं. पाणी घ्या. साखर घाला. हुकूम सोडण्यात मजा असते, हे मला फार उशिरा कळलं.

मग चर्चा. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणाला, “युजरला चहाच हवाय, हे आपण गृहीत का धरतोय?” याला काय उत्तर द्यायचं? शेजारचा इंजिनिअर म्हणाला, “एज केस. दूध फाटलं तर?” मराठीत दूध नासतं, फाटतं ते हिंदीत, मी आवंढा गिळला आणि म्हणालो, “पनीर करा, पान १२ पाहा.” त्यानं ते खरंच टिपून घेतलं. तिसरा सॉफ्टवेअर आर्किटेक्ट होता. त्याचं म्हणणं, दूध सातव्या पायरीला का, तिसऱ्याला का नाही? प्रॉडक्ट मॅनेजरचं म्हणणं, त्यांच्या घरी दूध वेगळंच देतात. आर्किटेक्ट उठला आणि फळ्यावर पातेलं काढलं. दोन बाण, एक ढग. मग त्या पातेल्यावरून तिघांची जी जुंपली, ती मला अडवावीशी वाटेना. मी मुलाखत देतोय याचा त्यांना विसर पडला होता आणि माझी तक्रार नव्हती. तेवढ्यात कुणीतरी यंत्रातला चहा आणून ठेवला, कागदी कपात, वर फेसाचं कडं. तिघांनी घोट घेतले. “तुम्ही घरी कसा करता?” मी विचारलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाची आई करायची, एकाची कामवाली, आणि आर्किटेक्ट ॲपवरून मागवायचा.

“पण आता चॅटजीपीटी लिहितंच की सगळं,” इंजिनिअर म्हणाला. “मग तुम्ही कशाला?” हा प्रश्न त्यानं हातातल्या कागदावरून वाचला होता. कागदाच्या माथ्यावर इंग्रजीत छापलेलं मला उलटं दिसत होतं, ‘नक्कीच! हे घ्या मुलाखतीसाठी १० प्रश्न’. उलटा मजकूर वाचता येणं ही जुन्या उपसंपादकांची कला; आयटीत तिला व्हेरिएबल मिळत नाही.

आतापर्यंत बाई बोलल्या नव्हत्या. चष्मा दोरीला लटकवलेला, हातात साधी पेन्सिल. त्या मराठीत म्हणाल्या, “गॅस पेटवायचा राहिला.”

माझे कान तापले. शेगडीपेक्षा जास्तच.

“असू दे, ते कुणाच्याही हातून होतं. करून बघितलं की सापडतं. पण तुम्ही लिहायला बसलात ते सरळ बसलात. किती कप, ते विचारलंच नाहीत. करणाऱ्याकडे गॅस आहे की इंडक्शन, तेही नाही.”

यावर माझ्याकडे काही नव्हतं. ‘मोर्चा निघाला’ म्हणून बातमी यायची, तेव्हा ‘किती माणसं?’ असं लाल शाईनं लिहून मीच ती परत पाठवायचो. १८ वर्षं. वार्ताहर मला पाठीमागे ‘किती-सतीश’ म्हणायचे.

“कळवतो आम्ही,” प्रॉडक्ट मॅनेजर म्हणाला. फळ्यावरचं पातेलं तसंच होतं.

फाटकाशी वॉचमनकाकांनी वही पुढे सरकवली. “झालं का, सर?”

“कळवतो म्हणाले.”

“मग नाही,” ते म्हणाले, अगदी मायेनं, आणि जाण्याची वेळ स्वतःच लिहून टाकली. “चहा घ्या समोर. बरा असतो.”

रस्त्यापलीकडे टपरी. स्टोव्हचा भडका, पातेलं कडांनी काळं पडलेलं, चहा वर आला की टपरीवाला पळी फिरवून त्याला खाली बसवत होता. आलं मापाशिवाय, साखर मुठीनं. मी पायऱ्या मोजायला लागलो, चारपर्यंत आलो तोच त्यानं मान वर न करता विचारलं, “किती?”