चेंडू हलला म्हणजे दंड झालाच, असे नाही

गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा: चेंडूमागे क्लब (फटका मारण्याची काठी) टेकवल्यानंतर चेंडू हलला तर एक फटका दंड, म्हणजे मोजणीत एक जादा फटका, ग्रीनवरही (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरही) तोच नियम, टीवरून (सुरुवातीच्या फटक्यासाठी चेंडू ठेवतात त्या खुंटीवरून) चेंडू पडला तर तोही फटका मोजायचा, आणि हललेला चेंडू जिथे थांबेल तिथूनच पुढे खेळायचा.

यातले पहिले विधान मनाने रचलेले नाही, ते शिळे आहे. २०११ च्या अखेरपर्यंत, खेळाडू फटक्यासाठी सज्ज झाल्यावर चेंडू हलला तर तो त्यानेच हलवला असे गृहीत धरले जाई, मग वाऱ्याने का हललेला असेना. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सच्या स्पर्धेत गोल्फपटू वेब सिम्पसनला अखेरच्या दिवशी पंधराव्या ग्रीनवर असाच दंड बसला आणि पुढे प्लेऑफमध्ये (बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा खेळात) तो बुब्बा वॉटसनकडून हरला. २०१२ मध्ये या नियमाला अपवाद जोडला गेला, तर २०१६ मध्ये ते गृहीतकच काढून टाकण्यात आले. आज खेळाडूने चेंडू हलवला हे ठाऊक असेल किंवा त्याची शक्यता किमान ९५ टक्के असेल, तरच तो जबाबदार ठरतो. एरवी चेंडू वारा-पाण्यासारख्या नैसर्गिक कारणाने हलला असे मानतात. शिवाय चेंडू जागच्या जागी डुलून पुन्हा मूळ ठिकाणीच स्थिरावला, तर नियमाच्या भाषेत तो ‘हलला’च नाही.

ग्रीनबाबतचे विधान तर सरळ चूक आहे. २०१६ च्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेत ओकमाँट मैदानाच्या पाचव्या ग्रीनवर डस्टिन जॉन्सनचा चेंडू किंचित सरकला. दंड होणार की नाही हे अधांतरी ठेवून त्याला उरलेले होल खेळावे लागले आणि फेरी संपल्यावर एक फटका वाढवण्यात आला. तो तीन फटक्यांनी जिंकला म्हणून प्रकरण निभावले, पण टीका इतकी झाली की १ जानेवारी २०१७ पासून ग्रीनवर अपघाताने चेंडू हलल्यास दंड न करण्याचा स्थानिक नियम (आयोजकांना आपल्या स्पर्धेपुरता लावता येणारा) उपलब्ध झाला, आणि २०१९ मध्ये तो मूळ नियमांतच आला. मुद्दाम हलवणाऱ्याला ही सवलत अर्थातच नाही.

टीवरच्या चेंडूवर फटका मारेपर्यंत तो खेळात आलेलाच नसतो. तो पडला किंवा क्लबच्या धक्क्याने पाडला गेला, तरी पुन्हा टीवर ठेवावा, दंड नाही. मारण्याच्या हेतूने क्लब फिरवला आणि चेंडू चुकला, तर मात्र फटका मोजला जातो.

खरा घोळ आहे तो चौथ्या विधानात, कारण ते पाळणाऱ्याचे नुकसान होते. फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) किंवा रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या गवतात) चेंडू वाऱ्याने हलला, तर नव्या जागेवरूनच खेळायचे, हे खरे. पण खेळाडूने हलवला असेल, तर एक फटका दंड घेऊन चेंडू मूळ जागी ठेवावा लागतो. तसे न करता खेळल्यास स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून होणाऱ्या खेळात) दंड दोन फटक्यांचा होतो आणि मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकत खेळायच्या लढतीत) तो होलच जातो. ग्रीनवर एकदा उचलून परत ठेवलेला चेंडू तर वाऱ्याने हलला तरी मूळ जागीच आणायचा असतो. बॅकस्विंग (फटक्यासाठी क्लब मागे नेणे) सुरू झाल्यानंतर चेंडू हलला आणि तरीही फटका मारला, तर तो जिथे जाऊन थांबेल तिथून खेळायचे. हलत्या चेंडूवर फटका मारल्याचा दंड इथे लागत नाही.