पंखे फिरतायत, पण डिस्प्ले नाही

कॉम्प्युटर एकदम गेला तर माणूस एकदाच हळहळून मोकळा होतो, पण बटण दाबलं की पंखे गरगरतायत, स्क्रीनवर चित्र पाठवणाऱ्या ग्राफिक्स कार्डावरचे रंगीत लाईट नाचतायत आणि मॉनिटर मात्र 'नो सिग्नल' दाखवून झोपी जातोय, याला काय म्हणायचं? एरर काय आहे ते बघायलाही स्क्रीन लागते, आणि नेमकी तीच गेलीय.

माझा प्रोसेसर 'एफ'वाला. स्वस्तात मिळाला होता. पण एफ म्हणजे त्याच्या पोटात ग्राफिक्स नाही, त्यामुळे केबल मदरबोर्डला लावून तात्पुरतं भागवावं तर तेही नाही. जुनी मशीनं निदान बीप बीप करून कुठे दुखतंय ते सांगायची, माझ्या बोर्डावर फक्त कोपऱ्यात व्हीजीए लिहिलेला एक बारीक दिवा लागतो, म्हणजे डिस्प्लेचा प्रॉब्लेम आहे. हो बाबा, कळलं.

मग उपचार सुरू. रॅम काढून तिची सोनेरी पट्टी खोडरबरने घासणे हा आपला राष्ट्रीय उपाय, तो झाला. कार्ड काढून परत बसवलं, आणि स्लॉटच्या टोकाची ती प्लॅस्टिकची क्लिप दाबायला बोट का पोचू नये हे मला खरंच कोणीतरी सांगा. बोर्डावरचा गोल सेल काढून बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, रिसेट केला. मागे उभे राहून बाबा, "गेम खेळून खेळून उडालं असणार." आई म्हणे पावसाळ्याची दमट हवा, हेअर ड्रायर मार. शेजारचे काका बँकेतून रिटायर झालेत, ते म्हणाले, "सरळ फॉरमॅट मार!" अहो काका, पण कुठे बघून?

शेवटी कार्ड सॅकमध्ये घालून, सॅक पोटाशी धरून डोंबिवलीहून लोकल, दादरला बदलून ग्रँट रोड, तिथून कॉम्प्युटरच्या पार्टसचा बाजार, लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने पत्ता विचारून बघाच). दुकानदाराने कार्ड त्याच्या मशीनला लावलं आणि लगेच डिस्प्ले! घरी तापाने फणफणलेलं पोर डॉक्टरकडे गेल्यावर उड्या मारतं तसं. "कार्ड ओके है बॉस, एसएमपीएस चेक करो." एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या रिपेअरवाल्या दादाने मल्टीमीटर लावला. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत मिळतात, त्यावर पंखे आणि लाईट मजेत चालले होते, पण खरी भूक भागवणारी जी ८ पिनची केबल, तिच्यात १२ व्होल्ट येतच नव्हते. केबल एसएमपीएसलाच कायमची जोडलेली, त्यामुळे अख्खा डबाच बदलावा लागला. कार्ड बिचारं निर्दोष, आणि शिव्या सगळ्या त्यानेच खाल्ल्या.

नवीन बसवला, स्क्रीन उजळली, आणि लगेच काका बघायला आले.

"केलंस ना फॉरमॅट?"

मी हो म्हणालो.