नाव कापून 'शुभ सकाळ' म्हणू नका

आज सकाळी घरच्या ग्रुपवर मावशीने शेवग्याचं चित्र टाकलं. त्याखाली कविता, वर भडक गुलाब आणि 'शुभ सकाळ'. चित्र माझं, कविताही माझीच. उजव्या कोपऱ्यातली सही कुणीतरी कापलेली, तिच्याबरोबर शेवटची ओळ अर्धी गेलेली. खाली टाइप केलेलं : 'कवी – अनामिक'.

मावशीला फोन केला. तिलाही ते कुठल्याशा ग्रुपवरूनच आलेलं. म्हणाली, "अगं, नावाचं काय घेऊन बसलीस? लोकांपर्यंत पोचलं ना!"

नावाचं काय? शेवग्याची पानं कागद ओला असतानाच रंगवावी लागतात. वाळला की कडा उठतात आणि झाड प्लास्टिकचं दिसायला लागतं. मग त्यावर कट निबनं कविता लिहायची. एक वेलांटी फिसकटली की अख्खा कागद बाद. ऑफिस आणि स्वयंपाक उरकून रात्री हे करते मी, आणि सकाळी फुकट तुमच्यासमोर ठेवते. पैसे मागितलेत कधी?

आणि नावाचा मोह वाईट असं आपल्याला शिकवलं तरी कुणी? तुकोबांनी 'तुका म्हणे' लिहिलं, जनाबाईने 'जनी म्हणे'. चोखामेळ्याची बायको सोयराबाई तर 'चोखियाची महारी' म्हणून अभंगात उभी राहते. चौदाव्या शतकात, ज्या समाजाने तिला देवळाच्या पायरीशीही येऊ दिलं नाही त्या समाजात! ही माणसं काय अहंकारी होती? आपण तेच अभंग नावासकट गातो आणि इथे शेजारच्या बाईची सही कापतो.

बरं, फॉरवर्ड झालं नसतं तर माझी कविता एवढ्या लोकांनी वाचलीच नसती, हे मान्य. मावशीच्या मनात काही वाईट नव्हतं, हेही मान्य. पण पोचलं ते काय? अर्धी ओळ!

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या ५७व्या कलमाप्रमाणे हक्क विकले तरी 'हे माझं आहे' म्हणण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं म्युरल, म्हणजे भिंतीवरचं शिल्प, सरकारने काढून टाकलं. ते सरकारनेच करवून घेतलेलं होतं, तरी दिल्ली हायकोर्टाने २००५ मध्ये सहगलांच्या बाजूने निकाल दिला. मी काही मावशीला कोर्टात खेचणार नाहीये. पण 'लोकांपर्यंत पोचलं ना' हे वाक्य दुपारपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

मागे एका शाळेतल्या बाईंनी मेसेज करून विचारलं होतं, तुमची पावसाची कविता वर्गात फळ्यावर लिहू का? नंतर फोटो पाठवला. कवितेखाली माझं पूर्ण नाव, एका मुलाच्या वाकड्यातिकड्या अक्षरात. आडनावातला रफार चुकलेला. तो फोटो मी किती जणांना दाखवला असेल! त्या बाईंना लगेच आणखी कविता पाठवल्या, चित्रंही. तुम्हीही मागा ना. मी नाही म्हणेन असं वाटतं का तुम्हाला?